रिकामी नोंद

नूतनने जुना नियम खोडला आणि त्याखाली नवा लिहायला घेतला. ती आणि देशोदेशीचे काही जण मिळून एका क्रिप्टो चलनाचे व्यवहार तपासणारी संगणकीय आज्ञाभाषा सुधारत होते, आणि त्या भाषेत एक जुनी चूक होती. एकाहून अधिक सह्या एकत्र तपासायच्या, तर त्यांच्या आधी एक रिकामी नोंद द्यावीच लागे. सुरुवातीला कुणाची तरी मोजणी चुकली आणि पुढे चूकच नियम होऊन बसली. ती नोंद कुणी वाचत नसे, पण नसली तर व्यवहार अडे. नूतनच्या नव्या रीतीत तिला जागा नव्हती.

"नूतन, जरा बाहेर ये," भूषणने, तिच्या नवऱ्याने, हाक मारली.

धुळ्याहून सासरे गिरधरनाना आले होते, सोबत धाकटा दीर स्वप्नील. त्याला इथे जळगावात नोकरी लागली होती. त्याची बॅग मागच्या खोलीच्या दारापर्यंत पोचलीसुद्धा होती. ती खोली नूतनने आपल्या आईसाठी रंगवून घेतली होती. गुडघे गेलेली आई, कुंदाबाई, वरणगावला एकटीच, इकडे यायला बोचकं बांधून बसलेली.

"स्वप्नील मांगनी खोलीमा ऱ्हाई," नाना म्हणाले. "तुनं काय म्हननं शे? आपला घरमा सूनले इचाराबिगर काहीच व्हत नही."

खोटं नव्हतं ते. दर वेळी विचारत. ती बोलायला लागे आणि विषय पुढे गेलेला असे. नूतनच्या अंगाचा तिळपापड झाला. आज बोलायचंच नाही, तिने ठरवलं. अडू दे यांचं.

नानांनी भूषणकडे पाहिलं. स्वप्नीलने उचललेली बॅग खाली ठेवली.

"हो म्हण ना," भूषण पुटपुटला.

ती गप्पच राहिली. खरंच सगळं थांबलं होतं.

"चूप ऱ्हायनी म्हंजे हां शे," नाना हसले. "चाल रे, ठेव सामान."

स्वप्नील बॅग घेऊन आत गेला. भूषणने चहाचं विचारलं.

नूतन परत येऊन बसली. पडद्यावर एका सहकाऱ्याचा प्रश्न आला होता: रिकामी नोंद राहू दिली तर काय बिघडतं? कुणाला त्रास तर नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय ठरलं गं? कधी येऊ मी?"

"खोली स्वप्नीलला दिली," नूतनने सांगितलं.

"बरं, राहू दे. पण तुला विचारलं ना त्यांनी?"

"हो," नूतन म्हणाली. "विचारलं."