डावीकडच्या पट्ट्या

मी एक जुना पियानो आहे, मित्रांनो, आणि गेली काही वर्षं माझं डोकं ठिकाणावर नाही.

सुरतेच्या नवागाममधल्या मराठी शाळेत मी चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षी आलो. एका कापड व्यापाऱ्याला घरात माझी अडगळ नको होती, म्हणून त्याने मला दान केलं आणि वर सत्कारही करून घेतला. संगीत शिकवणाऱ्या मालतीबाई पडल्या पेटी वाजवणाऱ्या. त्यांनी माझ्यावर टेबलक्लॉथ घालून कुंड्या मांडल्या.

तो टेबलक्लॉथ काढला शाळेतल्याच एका पोरीने, नूतनने. शाळा सुटल्यावर ती आईची वाट बघत माझ्यापाशी बसायची. आई, कलाबाई, लूमच्या कारखान्यात बॉबिन भरायची. त्या खडखडाटात बाईचे कान पार गेले होते. पोरीला न्यायला आली की ती माझ्या लाकडावर हात ठेवून उभी राहायची. कारखान्यातलं मशीन नीट चालतंय का, हेही ती असंच तळव्याने ओळखायची. एकदा नूतनच्या डाव्या हाताखाली माझ्या जाड तारा घुमल्या आणि कलाबाईचा चेहराच बदलला. मग पोरीने ध्यास घेतला. आई पूर्वी खानदेशात कानबाई देवीच्या सणाला म्हणायची त्या गाण्यावरून तिने एक छोटीशी धून बांधली, सगळी डावीकडच्या पट्ट्यांवर. कलाबाईने ती तळव्याने ऐकली. ऐकली म्हणजे ऐकलीच.

मालतीबाईंनाही ती आवडली. पण ही खर्जातली गुरगुर कोण ऐकणार, असं म्हणून त्यांनी ती उजवीकडे नेली, नाजूक केली आणि तिचं नाव ठेवलं ‘चांदणझुला’. नूतन नको म्हणत राहिली. तिला गप्प बसवलं. गॅदरिंगला जाहीर झालं की ही धून निसर्गाच्या सान्निध्यात सुचली. नवागाममध्ये कसला आलाय निसर्ग!

नूतन वाजवू लागली. कलाबाई स्टेजवर आली आणि तिने नेहमीसारखा माझ्यावर हात ठेवला. तळव्याला ओळखीचं काही लागेना. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, आपल्या अहिराणीत म्हणाली, “हाई मनी पोरनं गानं नही.”

हे माझ्या पोरीचं गाणं नाही, एवढंच ती म्हणाली, तर सगळा हॉल हसला. मालतीबाईही हसल्या. नूतनने झाकण लावलं, ती पुन्हा माझ्याकडे फिरकली नाही.

आता दरवर्षी कुणीतरी ‘चांदणझुला’ वाजवतं आणि टाळ्या घेतं. डावीकडे कुणी बोटही लावत नाही, तिकडच्या तारा गंजत चालल्या आहेत. मित्रांनो, मला पुसू नका, दसऱ्याला हार घालू नका. कुणाचं गाणं गोड करण्याआधी ते कुणासाठी बांधलंय, एवढं विचारत जा. आणि माझ्या तारा पार बसण्याआधी नूतनला आणि कलाबाईला एकदा बोलावून आणा.