भट्टीवरची तार

या मित्रांनो, जवळ या. असे दाराशी का उभे? दुपारची वाळू आत्ताच निघाली आहे, विस्तव निवत आला आहे, कोणाचा हात भाजणार नाही. इथे बसायला मनाई आहे खरी, पण साहेब जेवायला गेले आहेत. ते परत येईपर्यंत मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. गोष्ट माझ्या आयुष्याची आहे, पण तिच्यात मोठी मी नाही. मोठी कोण, ते तुम्हाला आपोआप कळेल.

मी एक जुनी भट्टी आहे. वाळू वाळवणारी भट्टी. हसू आले ना? भाकरी भाजणारी भट्टी असते, विटा भाजणारी असते, पण वाळू कशाला कोण वाळवेल, असेच सगळे म्हणतात. तर ऐका. आपल्या शहराची ही रेल्वे झाडांच्या दाटीतून जाते. पानगळ सुरू झाली की पाने रुळांवर पडतात, वरून पावसाची बुरबुर चालूच असते आणि चाकांखाली त्यांचा चिकट लगदा होतो. ओल्या साबणावर पाय पडल्यावर तुमचे जे होते, तेच त्या लगद्यावर गाडीचे होते. ब्रेक लागतो, चाक थांबते, गाडी मात्र घसरतच राहते. म्हणून प्रत्येक गाडीच्या पोटाखाली वाळूची पेटी असते. चालकाने पायाखालचे पेडल दाबले की चाकापुढे वाळू सांडते आणि चाकाला धर मिळतो. पण वाळू कोरडी हवी. ओली वाळू नळीत गोळा होऊन बसते आणि खाली पडतच नाही. ती कोरडी करणे, एवढ्यासाठी माझा जन्म.

ओतीव लोखंडाच्या चार भिंती, आत विटांचे अस्तर, वर वाळूचा रुंद तवा. मला या शेडमध्ये आणले तेव्हा रेल्वे नवी होती, मीही नवी होते. माझ्या दारावर पितळेची मूठ होती आणि लोक ती पुसून चकचकीत ठेवत. पुढे गाड्या म्हाताऱ्या झाल्या, रूळ झिजले, गटारांत झाडांची मुळे शिरली. शेडच्या पत्र्याला भोके पडली, त्यांच्याखाली डबे मांडले गेले. माझ्या धुरांड्याला तडा गेला, तो कोणीतरी तारेने आवळला आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून निघून गेला. ते पुढचे वर्ष अजून यायचे आहे. शेजारी कामगारांचे कपडे वाळवायची खोली होती. एका पानगळीत तिचे छप्पर खाली आले. लोकांनी दाराला कुलूप घातले, आणि कुलूप घातले म्हणजे दुरुस्ती झाली असे सगळे धरून चालले.

माझ्याकडे होती ताई. सारी शेड तिला ताईच म्हणे, तिच्याहून थोरलेसुद्धा. ती आली तेव्हा तिचे केस काळे होते. सकाळी आल्यावर आधी देवाचे नाव घेई, मग माझ्या पोटात विस्तव घाली. वाळू तव्यावर पसरी, फावड्याने वरखाली करी. वाळली असे वाटले की मूठभर घेऊन दाबे आणि हात उघडी. बोटांतून भुरभुर निसटली तर कोरडी. बोटांचे वळ घेऊन गोळा राहिला तर "अजून रडतेस का गं?" म्हणून पुन्हा तव्यावर.

रविवारी ती देवाच्या कथा गाऊन सांगणाऱ्या बुवांना ऐकायला जाई आणि सोमवारी ती सगळी कथा माझ्यापुढे पुन्हा रंगे. गाता गाता तिचे फावडे तालावर पडे. रुळांवर काम करणारी गँग ओलीचिंब होऊन आत येई आणि ऐकत बसे.

"ताई, गेल्या सोमवारी राजा एकटा होता. आज त्याला भाऊ कुठून आला?" एखादा गँगमन विचारी.

"तू हातमोजे पीळ. राजाच्या घरचं मी बघते."

मित्रांनो, अशी हसती माणसे भोवती बसली की मला फार बरे वाटे. "ताई, तुमची ही भट्टी म्हणजे आईची कूस आहे," असे कोणी म्हटले की मी उगाचच जास्त तापे. कोणी भट्टीला असे म्हणते का कधी? मी त्या शब्दांवर भाळले. आज त्याचीच मला लाज वाटते.

कपड्यांची खोली बंद झाल्यापासून माझ्या तव्याच्या वर एक तार बांधली गेली होती. गँगचे ओले कोट, मोजे, टोप्या तीवर वाळत. पण ताईचा नियम कडक होता. आधी वाळू तव्यावरून उतरायची, झाकणाच्या बादल्यांत बंद व्हायची, मगच तारेला कपडा लागायचा. "गाडीच्या पोटातलं आधी, माणसाच्या अंगावरचं मागून," ती म्हणे. हा नियम मोडताना मी कोणाला पाहिले नव्हते.

त्या दिवशी तो तिनेच मोडला.

सकाळपासून पाऊस आणि पाने एकत्र कोसळत होती. वळणावरचे गटार तुंबले होते. गँग कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पाने उपसत होती. ते आत आले तेव्हा त्यांच्या दातांवर दात वाजत होते, एकाचे ओठ काळेनिळे पडले होते. तव्यावर नुकतीच वाळलेली वाळू होती. ताईने ती मुठीत दाबून पाहिली होती, कोरडी ठणठणीत होती. फक्त बादल्यांत भरायची राहिली होती.

"ताई, तारेवर टाकू का?"

ताईने वाळूकडे पाहिले, मग त्या ओठांकडे. "टाका रे, टाका. मरायचंय का गारठून? मी भरते लगेच."

लगेच कसली भरते! एकाचा कोट पिळ, दुसऱ्याला चहा दे, तिसऱ्याच्या पायाला फडके बांध. तेवढ्यात चालकदादा आला. हा आमचा जुना सोयरा, गाडी निघण्याआधी माझ्या कडेवर ठेवलेल्या आपल्या कपात चहा घेणारा. त्यानेही गळ्यातला ओला मफलर तारेवर टाकला. वरून टपटप पाणी पडत होते. ते माझ्या तव्यावर चर्र करी, वाफ होई आणि वाफ वाळूतच मुरे. मला ते कळत होते. पण भोवती माणसे होती, हसत होती, आणि मी आपली तापत राहिले. भट्टीला तोंड नसते हे खरे, पण त्या वेळी तोंड असते तरी मी बोलले असते का, असे मी स्वतःला विचारते, आणि उत्तर देताना माझा विस्तव मंदावतो.

गाडीची वेळ झाली. ताईने घाईघाईने वाळू बादल्यांत भरली, बादल्या गाडीच्या पेटीत रित्या झाल्या. मूठ दाबून बघायची राहिली. एकदा बघितली होती ना, मग झाले.

ती गाडी शेवटच्या स्थानकात थांबली नाही. फलाटावरून घसरत गेली आणि रुळांच्या टोकाशी असलेल्या ठोकळ्यावर आदळली. देवाची कृपा म्हणून जीव कोणाचा गेला नाही. पण डब्याच्या दाराशी उभी असलेली एक शिवणकाम करणारी बाई पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले.

साहेबांनी पेटीचे झाकण उघडून पाहिले. पेटी जवळजवळ काठोकाठ भरलेली. ते म्हणाले, "वाळू सगळी जागच्या जागी आहे. म्हणजे यानं पेडल दाबलंच नाही." चालकदादाला गाडीवरून उतरवले आणि पुढे नोकरी राहील की नाही ते ठरेपर्यंत डबे धुवायला लावले. तोही म्हणाला, "असेल साहेब. पाय चुकला असेल."

ताईने हे ऐकले आणि तिचे गाणे बंद झाले. सोमवार आला, कथा नाही. ती मूठ दाबून बघे, पुन्हा बघे, कोरडी वाळू पुन्हा तव्यावर टाकी.

मग एका दुपारी चालकदादा आपला कप न्यायला आला.

"दादा, खरं सांगा. पेडल दाबलं होतं ना?"

"ताई, राहू द्या हो. चहा असेल तर द्या."

"चहा मग. दाबलं होतं का?"

तो कपाच्या कानाशी खेळत राहिला. "दाबलं. दोनदा दाबलं. खाली काही पडलंच नाही."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"काय सांगू? वाळू ओली होती म्हणू? पुढचा प्रश्न काय येणार, ओली कुणी केली. त्या तारेवर माझाही मफलर होता, ताई. तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. माझे हातपाय अजून धड आहेत, कुठेही चालतील."

"आणि तुमचं नाव? लोक म्हणतात ड्रायव्हर डुलक्या घेत होता, ते?"

तो हसला, पण ते हसू काही खरे नव्हते. "म्हणू द्या. मुलगी विचारते रोज, बाबा, झोप लागली होती का? तिला काय सांगावं ते मात्र सुचत नाही."

ताईने चहा दिला नाही. ती तशीच उठली, बादली घेतली आणि बाजूला उभ्या असलेल्या त्याच गाडीखाली शिरली. पेटीच्या तळाशी हात घालून तिने ओढून काढले ते काय? नळीच्या आकाराचा वाळूचा गोळा. तो तिने माझ्या कडेवर आणून ठेवला आणि साहेबांना बोलावणे धाडले.

साहेब कुरकुरत आले. "काय ताई, मला काय इथं शेकायला बोलावलंत?"

"हा गोळा बघा साहेब. पेटी भरलेली होती ती यामुळे. यांनी पेडल दाबलं, माझी वाळू पडली नाही. ती मी ओली केली. वाळू तव्यावर असताना कपडे टाकायला मी सांगितलं."

"ताई, काय बोलताय ते कळतंय का? हे मला वर कळवावं लागेल."

"कळतंय. म्हणून तर इतके दिवस बोलले नव्हते."

चालकदादा मध्ये पडला, "साहेब, मफलर माझा…"

"तुम्ही गप्प बसा, दादा. तुमच्या पोरीला आज घरी जाऊन काय सांगायचं ते ठरवा."

साहेब वर तारेकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर शेजारच्या कुलपाकडे गेली आणि तिथून झटकन खाली आली. त्या खोलीचे छप्पर पुढच्या वर्षावर कोणी ढकलले होते, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

चालकदादा पुन्हा गाडीवर गेला. ताईला माझ्याकडून काढले आणि फलाटांवरचा पानांचा लगदा खरवडायला पाठवले. तार कापली. कपड्यांच्या खोलीवर त्याच हिवाळ्यात नवे पत्रे चढले. इतक्या वर्षांत न झालेले काम चार दिवसांत झाले.

ताई आता सुट्टीच्या दिवशी कथा ऐकायला जात नाही. त्या शिवणकामवाल्या बाईकडे जाते. तिचे मनगट जुळले, पण सुई पूर्वीसारखी धरवत नाही. ताई तिच्यासाठी काजे करते, बटणे लावते. पहिल्या दिवशी त्या बाईने दार लावून घेतले होते. दुसऱ्या खेपेला उघडे ठेवले, पण बोलली नाही. आता म्हणे ती विचारते, "ताई, मग त्या राजाचं पुढे काय झालं?" हे मला चालकदादाने सांगितले. तो अजून माझ्या दाराशी येतो, आत येत नाही. उभ्याने चहा पितो आणि मफलर गळ्यातच ठेवतो.

मित्रांनो, माझी वाळू आता नेहमी कोरडी निघते. भोवती कोणी बसत नाही. ते बरोबरच आहे. वाळूलाही कोरडी जागा हवी आणि भिजल्या माणसालाही हवी. एकीची जागा दुसऱ्याने घ्यावी अशी वेळ कोणावर आणू नका. तुमच्या घरात, शाळेत, कुठेही छप्पर गळत असेल तर कुलूप लावून मोकळे होऊ नका.

आणि एवढे माझे ऐका. पानगळीच्या दिवसांत तुम्ही गाडीत बसाल. स्थानक जवळ येईल आणि चाकांखाली वाळू चिरडल्याचा बारीक करकर आवाज येईल. गाडी जिथल्या तिथे थांबेल. तेव्हा उतरायची घाई करू नका. फलाटाच्या टोकाला एक पांढऱ्या केसांची बाई वाकून पाने खरवडत असेल. तो आवाज आला की ती अजूनही हातातले काम थांबवते आणि गाडी पुरती थांबेपर्यंत श्वास धरून उभी राहते. तिची आठवण ठेवा.