जिन्यातली खुर्ची

कोविड होऊन गेल्यापासून माझ्या लेकीला जिना चढताना धाप लागते. दमायच्या आधीच थांबू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून मी मधल्या मजल्यावर तिच्यासाठी खुर्ची ठेवली.

काल नणंदबाई अवतरल्या. सोफ्यावर बसकण मारून लगेच सुरू झाल्या, "अगं, या वयात कसला आलाय थकवा? नुसती नाटकं! तूच डोक्यावर चढवून ठेवलंयस तिला."

फुकटचे सल्ले द्यायला यांना कधी दम लागत नाही. मी पाणी देत विचारलं,

"खालून फोन केलात, मग वर यायला एवढा वेळ?"

"जिन्यात खुर्ची होती ना, जरा टेकले. जीव आला बाई!"

"ताई, उतरताना मात्र उभ्याच राहा. ती खुर्ची नाटकं करणाऱ्यांसाठी आहे."