तिसऱ्या हाकेपर्यंत

बजाजनगरच्या पलीकडं शहर वाढत होतं. इमारती आल्या, त्यांना नदीनाल्यांची नावं दिली गेली, पाणी तेवढं यायचं राहिलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मागच्या पत्र्याच्या खोल्यांना सात वर्षं टँकरच होता, आता तो चार दिवसांनी मिळे. यादी बायकांच्या नावानं, ड्रम ओढायला नवरे. टँकरवाला बद्रीनाथ तीन हाका मारी. तिसरीपर्यंत ड्रम पुढं आला नाही की नंबर गेला.

सांडू रात्रपाळी करून मेल्यासारखा झोपलेला असे. पण "द्वारकाबाई!" अशी हाक आली, की बायकोच्या आधी तोच उठे. डोळे नंतर उघडत, ड्रमची कडी आधी हातात येई.

एकदा टँकरवर पाइप टाकायला चढला आणि डोक्यावर पडला. शुद्ध गेली ती गेलीच.

दवाखान्यात डॉक्टर हिमांशूंनी त्याच्या डोक्याला वायरी लावल्या. "स्वतःचं नाव माणसाचा मेंदू झोपेतही ओळखतो," ते द्वारकाबाईला म्हणाले. "पडद्यावरची रेघ उसळली, तर इथं ठेवू. नाही तर घरी न्या. खाट पाहिजे आम्हाला."

डॉक्टरांनी वीसदा "सांडू" म्हटलं. रेघ आपल्याच चालीनं चालत राहिली.

"आता तुम्ही मारा हाक. नावानं."

"नाय बा. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं."

"आणखी किती घटणार, मावशी?"

हे द्वारकाबाईला पटलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच ती पुटपुटली, "सांडू." स्वतःच लाजली. रेघ उसळली नाही.

तेवढ्यात दारातून नर्स ओरडली, "द्वारकाबाई कोण? औषधाची चिठ्ठी घ्या!"

रेघ ताडकन उसळली.

"बघा, बघा साहेब! पाण्याला ह्याच नावानं हाक येती. सात वर्षं हेच उठत्यात!"

हिमांशूंनी फॉर्म पाहिला. त्यात रकाना एकच होता : स्वतःच्या नावाला प्रतिसाद. माणूस प्रामाणिक. त्यांनी 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सांडू घरी आला. त्याच सकाळी टँकरही आला.

"द्वारकाबाई!"

चादरीवरची सांडूची बोटं हलली. द्वारकाबाई ड्रमकडं निघाली होती, ती थबकली.

"द्वारकाबाई!"

मूठ वळली. कडी धरल्यासारखी. ती खाली बसली, मूठ दोन्ही हातांत घेतली. "अवं, इथंच हाय मी. उठा."

"द्वारकाबाई! कुठं गेली बाई?"

मानेची शीर ताठ झाली. पापणी थरथरली. मग पुढचं नाव पुकारलं गेलं, "आवडाबाई!", आणि मूठ सुटली.

ती धावत बाहेर गेली. "भाऊ, अजून एकदा हाक मार. पाणी नको मला. नुसती हाक मार."

बद्रीनाथनं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. मागं रांग ओरडत होती, "एकीला चौथी हाक, मग आम्हाला का नाय?"

"नंबर गेला, वहिनी. नियम सगळ्यांना सारखा. आता चार दिवसांनी."

ती आत आली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिनं स्वतःच्याच नावानं हाका मारल्या. आवाज बद्रीनाथसारखा जाड करून पाहिला. हात निपचित.

सांडूनं तीन दिवस वाट पाहिली आणि गेला.

चौथ्या दिवशी टँकर अगदी वेळेवर आला.