पांढरी बाजू

मी एक जुना खांब आहे. आयर्लंडच्या एका आडबाजूच्या डोंगरावर, दलदलीतल्या वाटेवर उभा आहे. मित्रांनो, मी रागावलो आहे आणि ते लपवणार नाही.

माझं लाकूड याच दलदलीच्या पोटातलं. मेंढपाळ कोलमन जळणासाठी तिथली काळी, वाळली की लाकडासारखी जळणारी माती कापत होता, तेव्हा मी सापडलो. त्याची चिमुरडी गॉबनेट म्हणाली, "बाबा, जाळूया याला!"

"वेडी का काय! हजारो वर्षं चिखलात कुजला नाही, त्या गड्याला चुलीत घालतात होय?"

त्याने मला सर्वांत वाईट जागी रोवलं आणि माझ्या एकाच बाजूला चुना फासला. पांढऱ्या बाजूने चाललं की पाय कोरडे. दुसऱ्या बाजूला हिरव्यागार शेवाळाखाली गाय गिळेल असा खड्डा. दर मे महिन्यात मेंढ्या वर नेण्याआधी तो चुना लावायचा आणि पाठ थोपटायचा. चाळीस वर्षं माझ्या भरवशावर कुणी बुडालं नाही.

या ऑगस्टमध्ये दोन हौशी गिर्यारोहक आले.

"अरे, बघूया तरी किती खोल आहे!"

दोघांनी हिसके देऊन मला उपटलं, खड्ड्यात खुपसलं, फोटो काढले. मग परत रोवलं, पण पांढरी बाजू खड्ड्याकडे करून. वर म्हणाले, "होता तसा ठेवला बघ!"

होता तसा? खोटारडे!

तिसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. कोलमन लंगड्या मेंढीला शोधत आला, माझी पांढरी बाजू पाहिली आणि निर्धास्त पाऊल टाकलं. छातीपर्यंत गेला. मी हातभर अंतरावर होतो, पण मला तोंड नव्हतं. त्याच्या कुत्र्याने भुंकून भुंकून गॉबनेटला आणलं. तिने दोर टाकून त्याला ओढून काढलं.

तो अंगावरचा चिखल निपटत म्हणाला, "या खांबानंच दगा दिला गं."

"खांबानं नाही, बाबा. ही वाऱ्याने झिजलेली बाजू समुद्राकडे असायची. कुणीतरी फिरवलाय मेल्यानं!"

तिने मला सरळ केलं. कोलमन बराही झाला. पण आता माझ्यापाशी आला की तो आधी काठीने जमीन टोचून पाहतो, मगच पाय ठेवतो. काठी जमिनीत जाते, मित्रांनो, लागते मात्र मला.

डोंगरावर जरूर या. पण वाटेवरच्या खुणेला हात लावू नका. खूण म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द असतो. तो फिरवता तुम्ही, आणि खोटे ठरतो आम्ही.