एक प्रत पुरे

गालगुंड. ऑक्टोबर १९६९.

गुलाबी कार्डांचा गठ्ठा, रबर तुटलेलं.

वेलचीचे गोड बन-पाव, टेलेक्सच्या यंत्रावर उबेला ठेवलेले.

"एक प्रत पुरे, आपण आहोत ना!"

खिळा. त्याला दोरी.

शुक्रवारी स्वीडनमधल्या व्हेस्टेरोसच्या वीज कंपनीचं ग्रंथालय कायमचं बंद व्हायचं होतं. बुधवारी ग्रंथपाल माइकेन खण रिकामे करत बसली होती. एकतीस वर्षांची नोकरी, आणि त्यातली सत्तावीस वर्षं ती यादी. सात वीज कंपन्यांच्या ग्रंथालयांची मिळून एकच यादी, तिनेच बांधलेली. दर अहवालाचं एक गुलाबी कार्ड, आणि ज्याच्याकडे प्रत, त्याची खूण कार्डावर. सगळ्यांनी सगळं कशाला साठवायचं? फोन करा, दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या तपकिरी पिशवीतून येईल. पिशवीत कधी बन-पाव यायचे, कधी लिंगनबेरीच्या मुरंब्याची बाटली. उत्तरेकडच्या कंपनीचा ग्रंथपाल सिक्स्टेन, त्याने एकदा चक्क वाळवलेला मासा पाठवला होता, अहवालाला महिनाभर वास येत होता.

शुक्रवारच्या निरोपाच्या कॉफीला संचालक हीच यादी वाखाणणार होते.

इल्वा दारात आली. धरणांची इंजिनियर, वय तिशीचं.

"माइकेन, अठ्ठावन्नचा अहवाल हवाय. नदीवरच्या जुन्या धरणाच्या दारांवर बर्फाचा किती दाब येतो, त्याची मोजमापं. दारं बदलायची आहेत. तो नसेल तर सगळा हिवाळा पुन्हा मोजत बसावं लागेल."

"नसेल कसा?" माइकेनने संगणकात पाहिलं. दोन खुणा. एक तिची स्वतःची, एक सिक्स्टेनची. तिची प्रत तिने सत्त्याऐंशी साली रद्दीत काढली होती. तिने फोन लावला.

"सिक्स्टेन, जिवंत आहेस का?"

"तुझ्या निरोपाच्या केकपर्यंत तरी मरत नाही. बोल."

"अठ्ठावन्नचा बर्फाचा अहवाल पाठव."

"तो तुझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे आहे रे. तुझी खूण दिसतेय मला."

"आणि मला तुझी दिसतेय, बाई! म्हणून तर मी माझी सोडून दिली, सत्त्याऐंशीत."

माइकेन खुर्चीत मागे टेकली. त्याच वर्षी यादी संगणकावर गेली होती. दोघांनीही खूण खोडायचं उद्यावर टाकलं होतं, आणि खुणा तशाच आत गेल्या. अकरा वर्षं दोघं एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त झोपले होते. असे आणखी किती अहवाल असतील? शुक्रवारी टाळ्या कशाला घ्यायच्या?

"सोडून दिली म्हणजे? रद्दीत?" तिने हळूच विचारलं.

"शेल्फवर होती कुठे! यालमारने नेली होती, धरणाच्या राखणदाराने. अकरा स्मरणपत्रं पाठवली त्याला. मग म्हटलं, माइकेनकडे आहे, जाऊ दे."

यालमारचा नंबर इल्वानेच शोधला. फोन माइकेनने केला. म्हातारा ऐंशी पार केलेला, आवाज खणखणीत.

"ग्रंथालय? अजून मागे लागलात का! दंड लावणार असाल तर पेन्शनमधून कापा."

"दंड नको. अहवाल कुठे आहे तेवढं सांगा."

"दारांच्या खोलीत. दोरी ओवून खिळ्याला टांगलाय. बर्फ चढला की तोच बघायचा, माझ्यानंतरची पोरंसुद्धा तोच बघतात. तुमच्या कपाटात काय करणार होता तो?"

इल्वा तोंडावर हात ठेवून हसत होती. "आणि मी तिकडे दोनदा जाऊन आले गं! कुणाला विचारलंच नाही."

"जा आता," माइकेन म्हणाली. "प्रत काढून आणू नकोस. तिथेच बसून उतरवून घे."

मग ती उभी राहिली आणि रद्दीच्या खोक्यातून गुलाबी कार्डं परत उचलू लागली. दोन दिवस उरले होते, फोन सहा. एकेक खूण विचारून घ्यायची होती. तिने पहिला नंबर फिरवला, आणि दुसऱ्या टोकाला ओळखीचा खोकला ऐकू आला.

सिक्स्टेनला १९६९ च्या ऑक्टोबरात गालगुंड झालं तेव्हा तीन आठवडे त्याच्या जागी, त्याच्या टेबलाशी माइकेन बसली होती, आणि नोंदवहीत यालमारला अहवाल दिल्याची सही तिची आहे.