लाल दोऱ्याचा टाका

किसन तायडेने दोरीला गाठ मारण्याआधी झेंड्याचा वरचा कोपरा अंगठ्याने चाचपला. तिथे आतल्या बाजूने लाल दोऱ्याचा टाका होता, त्यानेच घातलेला. टाका वरच होता. तरी त्याने दुसऱ्यांदा चाचपला, मग तिसऱ्यांदा. सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि दूतावासातले लोक त्याला हसत. हसणाऱ्यांची दर चार वर्षांनी बदली होई; किसन तेवढा बहरीनमध्येच राही, सलमानिया भागातल्या एका खोलीत.

आज झेंडा अर्ध्यावर ठेवायचा होता. आधी टोकापर्यंत चढवायचा, जरा थांबायचं, मग निम्म्यावर आणायचा, अशी रीत. थोंगसायसाहेब वारले होते. आग्नेय आशियातल्या ज्या छोट्या देशाचा हा दूतावास, त्याचे ते परराष्ट्रमंत्री. आणि फार पूर्वी याच दूतावासातले सगळ्यांत धाकटे अधिकारी.

दिवाणखान्यात त्यांचा फोटो आणि पांढरी फुलं ठेवली होती. समोरच्या शोकवहीत देशोदेशीचे राजदूत येऊन चार ओळी लिहीत. प्रत्येकाला कोरं पान उघडून द्यायचं, हे किसनचं काम.

अकराच्या सुमारास हल्लीचा धाकटा अधिकारी एका पाहुण्याला सांगू लागला, "यांची सुरुवात इथलीच. राष्ट्रीय दिनाला झेंडा उलटा चढवला होता त्यांनी! तरी मंत्री झाले बघा."

दोघं हसले. विनोद जुनाच होता. थोंगसायसाहेब राजदूत झाले, मंत्री झाले, पण हा विनोद देशोदेशी त्यांच्या मागे गेला. किसनचा हात पानावर थांबला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण तो झेंडा किसनने चढवला होता. नोकरी लागून आठच दिवस झाले होते. "कोणी लावला?" म्हणून तेव्हाचे राजदूत पाहुण्यांसमोर कडाडले आणि थोंगसायसाहेब म्हणाले, "मी." नंतर किसनला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "माझी फार तर बदली होईल. तुझा तर व्हिसाच जाईल. कुणापाशी बोलायचं नाही."

दोन महिन्यांत त्यांची बदली झालीच. पुढे दर नववर्षाला त्यांचा फोन येई. किसनकडूनच शिकलेलं, वाकड्या उच्चाराचं "जयभीम, किसन" आधी, मग बाकीचं. मंत्री झाल्यावरही एकही वर्ष चुकलं नाही. इथे त्याला जयभीम घालणारं दुसरं कोणी नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने अकोल्याला बायकोला फोन लावला.

"लीला, थो उलटा झेंडा म्याच लावला व्हता. आता लिहून देतो म्हंतो."

लीलाबाई म्हणाली, "सत्तावीस वर्सं मले बी नाही सांगतलं तुमी?"

"साह्यबाले शब्द देल्ला व्हता."

"मंग आता कायले? आपल्या श्रावस्तीचं कॉलेजचं शेवटचं वर्स हाये. काढून टाकलं तुमाले तं?"

"गेलेल्या मानसाले हासून राह्यले वं लोकं."



"मंग लिहा," ती म्हणाली. "पन चांगल्या अक्षरात लिहा."

पाच वाजता रिसेप्शनवरची नाझिश वही बंद करायला आली. "किसनभाई, और कोई बाकी है?"

"एक है," म्हणत किसन वहीसमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. त्याने इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं: झेंडा मी उलटा लावला होता. साहेबांनी दोष स्वतःवर घेतला. खाली सही केली.

धाकट्या अधिकाऱ्याने ते उभ्यानेच वाचलं. त्याचे कान लाल झाले. तो वही घेऊन वर राजदूतांकडे गेला.

सूर्य कलल्यावर किसन दोरीपाशी आला, तेव्हा तो अधिकारी खाली आला.

"वही आहे तशीच थोंगसायसाहेबांच्या पत्नीकडे जाईल," तो इंग्रजीत म्हणाला. "तुमची नोकरीही राहील. पण उद्यापासून झेंडा दुसरा कोणीतरी लावेल. राजदूतांनी सांगितलंय. सॉरी, किसन."

"ओके सर."

किसनला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण हात कामाला लागले होते. उतरवतानाही झेंडा आधी टोकाला न्यावा लागतो. त्याने नेला.

"जयभीम, साहेब," तो वर बघून म्हणाला, आणि फोनवर पलीकडून उत्तर यायला लागे तेवढा वेळ थांबला.

मग झेंडा खाली घेऊन त्याने नीट घडी घातली. उद्याच्या माणसाला शोधावा लागू नये म्हणून लाल टाका वरच्या बाजूला ठेवला.